माझ्या नावाचा पुकारा

आमच्या बाबांचा आवाज म्हणजे लहानपणी माझी मोठीच पंचाईत होती. ते नागपूरच्या कोर्टात चपराशी. पांढरा डगला, छातीवर आडवा लाल पट्टा, त्यावर चिंचेनं घासलेला पितळी बिल्ला. काम काय, तर न्यायाधीशांच्या दाराबाहेर उभं राहून पक्षकारांची नावं तीन-तीनदा पुकारायची. "हाजिर होऽऽ" म्हटलं की आवारात झाडाखाली डबा उघडून बसलेला माणूसही हातातली पोळी टाकून धावायचा. शाळेतल्या पोरी माझ्या मागून तसंच ओरडत यायच्या आणि माझा नुसता तिळपापड व्हायचा.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. मी सक्करदऱ्याच्या शाळेत सातवीत होते, आणि सांगायला लाज कशाला, गणितात पहिली होते. वार्षिक परीक्षेच्या चार दिवस आधी हेडमास्तरांच्या कपाटातून गणिताचा पेपर गेला. त्यांची खोली झाडायची पाळी आदल्या दिवशी माझी होती. झालं! चोर सापडला.

प्रार्थना संपली तसं मला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. "पेपर कुणाला दिलास?" घेतलास का, हे विचारलंच नाही, एकदम दिलास कुणाला. मी नाही म्हटलं की पुन्हा तेच. बसायचं नाही, पाणी नाही, बाहेर जायचं नाही. "कबूल कर, नाहीतर शाळेतून नाव कापतो. दाखल्यावर लाल शाईनं कारण लिहितो, मग पाहू कोणती शाळा घेते तुला."

मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी मी उभीच. खरं सांगते, मला लघवीला लागली होती. इतकी, की डोळ्यांत पाणी आलं. शेवटी ते म्हणाले, कबूल केलंस की जा. मी म्हटलं, "हो, मी घेतला." त्यांनी लिहिलेल्या कागदावर सही केली आणि धावत सुटले.

परत आले तर हेडमास्तरांनी आधीच बोलावून ठेवलेला हवालदार खोलीत बसलेला.

"चाल वं पोरी, ठाण्यात. तिथं आठवंल तुले, कोणाले देला तं."

दरम्यान आमच्या शाळेच्या चपराश्यानं दाराबाहेरून सगळं ऐकलं होतं. त्यानं केव्हाच सायकल काढून थेट कोर्ट गाठलं होतं. चपराश्याचं दुःख चपराश्यालाच कळतं.

हवालदारामागून मी फाटकापर्यंत पोचले, तोच बाबा आले. घामानं डगला अंगाला चिकटलेला. त्यांना पाहून हवालदारच सरळ झाला! साक्षीला आला की ह्याच माणसाच्या पुकाऱ्याची वाट पाहत तो कोर्टाच्या व्हरांड्यात ताटकळायचा.

"कुठं नेऊन राहिले गा लेकराले?"

"ठाण्यात. कबूल केलं ना तिनं, भाऊ."

"बाईमाणसाले आन पंधराच्या आतल्या पोराले जबाबासाठी ठाण्यात बलावता येत नाही. विचारायचं अशीन तं घरी येऊन विचारा. कायदा आहे तसा."

मागून आलेले हेडमास्तर हसले. "तुम्ही वकील केव्हा झालात?"

"नाही जी. मी नावं पुकारतो फक्त. पण वीस वर्सं दाराशी उभा हावो, कान काही बंद नाही ठेवले."

हेडमास्तरांनी माझ्या सहीचा कागद पुढे केला. आता बाबा सगळ्यांसमोर मला मारणार, असंच वाटलं. त्यांनी कागद सावकाश वाचला आणि परत दिला.

"ठीक आहे साहेब. किती वाजल्यापासून उभी होती, पाणी देलं का नाही देलं, तेही लिहा याच्यावर. मंग खाली तुमची सही करा."

हेडमास्तरांनी लिहायला पेन उघडलं, पण टोपण लावून पुन्हा खिशाला अडकवलं. "चारला घरीच येतो मंग, भाऊ," हवालदार म्हणाला.

घरी जाताना मी सायकलच्या दांडीवर बसून हुंदके देत होते. "बाबा, मी हो म्हटलं ना!"

"थकलं माणूस हो म्हणते, बेटा. मी रोज पाह्यतो." एवढंच बोलले. मला मात्र हायसं वाटलं.

चार वाजता हवालदार आमच्या घरी आला आणि दारात गल्ली गोळा झाली. आईनं त्याला खाटेवर बसवलं, चहा दिला. घरात खुर्ची एकच होती, ती तिनं माझ्यासाठी मांडली. मी आतल्या खोलीत लपले होते. बाबांनी पट्टा नीट केला, मधल्या दारात उभे राहिले आणि माझं नाव पुकारलं. पूर्ण नाव, त्यांच्या नावासकट, आडनावासकट. तीनदा. कोर्टात लावत तोच आवाज, रत्तीभर कमी नाही. मी ताठ मानेनं बाहेर येऊन खुर्चीवर बसले.

"माहीत अशीन ते सांग. नसीन तं माहीत नाही म्हण. घाई नाही," बाबा म्हणाले. आईचा हात माझ्या खांद्यावर होता.

हवालदार माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "झाडायले गेली तवा कपाट कसं होतं?"

अहो, हा प्रश्न सकाळपासून कुणी विचारलाच नव्हता!

"उघडं होतं. किल्ली कपाटालाच लटकून होती. रोजच असते."

"साहेब तं म्हणतेत, किल्ली त्याईच्या खिशात राह्यते."

"मग खोली झाडणाऱ्या सगळ्या पोरींना विचारा."

त्यानं विचारलं. प्रत्येकीच्या घरी जाऊन, प्रत्येकीच्या आईसमोर. बाबांनी त्याला दुसरा रस्ताच ठेवला नव्हता. सगळ्यांनी तेच सांगितलं. पेपर कुणी नेला ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तो कुणालाही नेता आला असता. परीक्षेसाठी नवा पेपर काढला. माझा कागद हेडमास्तरांनी माझ्यासमोर फाडला, पण चुकलं म्हणाले नाहीत. तो राग माझ्या मनात अजून आहे, आणि तो मी लपवत नाही.

कागद फाडला त्याच दिवशी मी वर्गात जाऊन बसले आणि हजेरी सुरू झाली. हजेरीपटात माझं नाव आहे की त्यावर लाल रेघ मारली, मला काहीच ठाऊक नव्हतं. आणि बाईंनी माझं नाव घेतलं.

एरवी मी "हजर" पुटपुटायची. त्या दिवशी अशी ओरडले, की शेजारच्या वर्गातल्या पोरी दारात आल्या.

"काहून वं, एवढ्या मोठ्यानं?" बाई दचकून म्हणाल्या.

"बाई, कोर्टात नावं पुकारणाऱ्याची पोर आहे मी," मी म्हटलं. "आमच्या घरी असाच आवाज असतो."