मागच्या डाव्या चाकाचा आवाज

"अक्का, तुमची गाडी अजून जॅकवरच हाय… आणि हे उठंनात."

सुमनचा फोन आला तो असा. मी दुपारची भांडी घासत होते. ओला हात पदराला पुसून फोन धरला आणि पहिल्यांदा मला गाडीचंच कळलं, माणसाचं कळलंच नाही. "असू दे की गं, उद्या नेते," असं म्हणूनही बसले मी. मग तिच्या मागून गल्लीतला गलका ऐकू आला, कुणीतरी "रिक्षा आणा, रिक्षा" म्हणत होतं, आणि मग मात्र मी भांडी तशीच टाकून पायात चपला सरकवल्या.

तानाजी भाऊजी माझे धाकटे दीर, सुमन त्यांची बायको. शिवाजी पेठेत खाली गॅरेज आणि वर घर. आमचे हे गेल्यावर घरातली गाडी विकायची असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. भाऊजी एकटे म्हणाले, "वैनी, इकू नका. बसा, शिकिवतो." तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली. रंकाळा तलावाच्या कडेनं शिकवणी चालायची, आणि गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडली की म्हणायचे, "क्लच हाय त्यो वैनी, पोळपाट न्हवं. हळू सोडा." फिरायला आलेली माणसं थांबून हसायची. मी लाजून काच वर घ्यायला लागले तर म्हणाले, "हसू दे की. त्यांच्याबी घरात वैनी हायत, त्यास्नी कोन शिकिवतंय?" अशी मी शिकले.

त्यांची एक सवय सगळ्या गल्लीला माहीत होती. गाडी दुरुस्त होऊन निघाली की "जा" म्हणायचं नाही. आपल्याकडे तसंही कुणी म्हणत नाही, पण ते "या"सुद्धा म्हणत नसत. मागच्या चाकाच्या वर, पत्र्यावर, बोटांच्या पेरांनी दोनदा वाजवायचे. ठक ठक. ते ऐकल्याशिवाय गिऱ्हाईक गाडी गिअरमध्ये टाकत नसे. सुमन वर खिडकीत बसून भाजी निवडता निवडता ते ऐकायची आणि चहाचं आधण ठेवायची, कारण एक गाडी गेली की भाऊजींना चहा लागायचा.

तर माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाचं असं झालं होतं की पंक्चरवाल्यानं मशीननं नट वाकडेच आवळले, आणि बोल्टांचे आटे गेले. चारही बोल्ट बदलायला हवे होते. मी पुष्कळदा शेजारी बसून ते काम पाहिलंय. चाक ज्यावर बसतं त्या हबमधून जुने बोल्ट हातोड्यानं मागं पाडायचे, नवे मागून घालायचे, आणि पुढून वायसरची चकती नि नट लावून पान्यानं हळूहळू ओढत आणायचे. बोल्टाचं डोकं मागं हबला टेकलं की पाना हातातच अडतो. तोवर थांबायचं नाही, नाहीतर चालत्या गाडीत बोल्ट मागं सरकतो आणि नट सैल पडतो. भाऊजींनी तीन ओढून बसवले होते. चौथा अर्ध्यावर होता… पाना नटावर तसाच लटकत होता आणि पाटावर बसल्या बसल्या त्यांचं डोकं हबला टेकलं होतं. सुमनला वाटलं, कान लावून काही ऐकतायत.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर सगळे जमलो. नैवेद्य ठेवला, कावळा काही शिवेना. भिंतीवर बसून नुसता बघत होता. सागरनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, हात जोडून सांगितलं, आईला अंतर देणार नाही. शिवेना. गॅरेज बंद करणार नाही म्हणाला, तरी शिवेना. ऊन वर आलं, माणसं कुजबुजायला लागली. तेव्हा सुमन खाली बघतच म्हणाली, "गाडीचं सांग त्यास्नी." सागर म्हणाला, "आप्पा, मोठ्या आईच्या गाडीचं चाक आजच बसवतो." कावळा उतरला. आणि पोरगं एवढं भांबावलेलं, की घाटावरून ओल्या अंगानं तडक गॅरेजात गेलं. शब्द चाकाचा दिला होता, म्हणून चाक बसवलं. पाना काढला, ब्रेकचा ड्रम चढवला, चाक चढवलं, नट आवळले. चौथ्या बोल्टाचं डोकं मागं टेकलंय का, हे बघायचं कुणालाच सुचलं नाही.

सगळे विधी झाल्यावर सुमनला तिच्या माहेरी आजऱ्याला सोडायला निघाले. पुढची सीट भाऊजींची म्हणून ती मागं बसली, डावीकडं. शहर मागं पडलं, रस्ता मोकळा झाला आणि मागून आवाज आला. ठक ठक. मग काही नाही. मग पुन्हा, ठक ठक.

"ऐकलासा?" सुमन म्हणाली.

"काय गं?"

"तेच की. त्या दिवशी न सांगताच गेलं न्हवं… आता सोडायला यायल्यात."

मी आरशात बघितलं. तिनं दाराच्या कडेवर बोटं ठेवली होती आणि हसत होती. तिनं पेरांनी दोनदा वाजवलं. आम्ही दोघी वाट बघत राहिलो, आणि खालून उत्तर आलं. मला कुणी काही म्हणा, त्या वेळी माझी मान मागं वळेना.

आधीचे दोन दिवस एकटी गाडी चालवत होते, तेव्हा हा आवाज नव्हता. मी गाडी झाडाखाली घेतली, उतरले आणि त्या चाकाचा एक नट चिमटीत धरला. बरणीचं झाकण फिरावं तसा तो फिरला. शेजारचेही सैल व्हायला लागलेले. डिकीतून पाना काढला तर सुमन खाली उतरून चाकाच्या आड उभी राहिली.

"नका आवळू, अक्का. ते जातील."

"अगं, चाक निखळलं तर आपण दोघी जाऊ."

"जाऊ की," ती म्हणाली. अगदी शांतपणे, बाजाराला जाऊ म्हणावं तसं.

हातात पाना घेऊन मी रस्त्याकडेला उभी, वाहनं जातायत, आणि ही बाई चाकाला पाठ लावून. शेवटी म्हणाले, "सुमे, त्यांच्या हातची एक गाडी कधी रस्त्यात पडली नाही. ही पहिली पडणार, आणि आत त्यांचीच बायको. पेठेत काय म्हणतील त्यांना?"

मग माझ्या हातातला पाना तिनं काढून घेतला. "तुमाला न्हाई जमायचं. सरा तिकडं, मी आवळतो."

तशीच गोगलगायीसारखी गाडी परत आणली. गॅरेजात सागरला तिनं हात लावू दिला नाही. चाक, ड्रम उतरवून तिनं स्वतः तो चौथा बोल्ट ओढला, मध्ये मध्ये थांबून हबच्या मागं बोट घालून फट किती उरली ते चाचपत. मग पाना अडला. तिनं आणखी एकदा ओढून बघितला, अडला तो अडलाच. तोंडाला पदर लावून ती तिथंच पाटावर बसली, आणि भाऊजी गेल्यापासून पहिल्यांदा रडली.

सागर म्हणतो, आईचं वजन त्या बाजूला पडलं म्हणून ती बसल्यावरच वाजलं. असेल. दोनदाच वाजून का थांबायचं, ते त्याला विचारलं नाही मी.

आता दर शनिवारी आम्ही दोघी गाडीतून भाजीला जातो. गाडी सुरळीत चालते, कसलाही आवाज नाही. पुढची सीट रिकामी असते आणि सुमन मागं डावीकडं बसते, काच खाली करून, कान चाकाकडं लावून. मी रेडिओ लावत नाही. परवा रंकाळ्याच्या वळणावर ती म्हणाली, "अक्का, जरा हळू घ्या की." आमच्या शेजारून एक म्हातारा सायकल मारत पुढं गेला, आणि मी आणखी हळू केली.