बुडबुड्यांचा प्रश्न

थेंबबाईंच्या निरोपाला मी भाषण केलं नाही, म्हणून आमच्या रसायनशास्त्र विभागातली मंडळी अजून माझ्यावर फुगून आहेत. फुगू देत! त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर मी काहीतरी भलतंच बोलून बसले असते.

थेंबबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. प्रयोगशाळेत कुणी ब्युरेटची तोटी सैल सोडली की बाई मागून कडाडायच्या, "थेंब! थेंब सोड, नळ नको!" नाव कानावर आलं तेव्हा हसून म्हणाल्या, "बरंय की. बादलीबाई तरी नाही म्हणत." पदवीच्या पहिल्या वर्षाला त्यांनी तीसेक वर्षं शिकवलं. फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं. त्या व्याख्या सांगायच्या, मुलं उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी घडाघडा म्हणून दाखवायची. त्यांच्या तुकडीचा निकाल कायम सगळ्यात वर. आम्हा बाकीच्यांना हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

निवृत्तीच्या वर्षी विभागप्रमुखांनी त्यांच्या गळ्यात एक काम मारलं. वरून आदेश आला होता: पहिल्या वर्षाच्या सगळ्या तुकड्यांची परीक्षा एकाच पद्धतीनं व्हावी, आणि ती पद्धत भरवशाची असावी. कुठली, ते बाईंनी पारखून सांगायचं. दुसरं कुणी असतं तर दोन कागद खरडून मोकळं झालं असतं. बाईंनी त्यात जीव ओतला. का, ते त्यांनी मला चहा पिता पिता सांगितलं.

"अगं, निकाल मी दर वर्षी बघते. पण पोरं इथून गेली की त्यांच्या डोक्यात काय उरतं, ते कधी बघितलंच नाही. जायच्या आधी एकदा बघायचंय मला."

खूप शोधून त्यांनी एक चाचणी निवडली. आम्ही तिला दुमजली म्हणायचो. वरच्या मजल्यावर उत्तर निवडायचं, खालच्या मजल्यावर त्याचं कारण. दोन्ही बरोबर असतील तरच गुण. त्यातला एक प्रश्न असा: पाणी खळखळ उकळतंय, तर बुडबुड्यांत काय आहे? हवा, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, की पाण्याचीच वाफ?

"हा काय कॉलेजात विचारायचा प्रश्न झाला?" मी म्हटलं.

"विचारून तर बघू," बाई म्हणाल्या.

सत्र सुरू होतानाच सगळ्या तुकड्यांना ती चाचणी दिली. सगळीकडे आनंदीआनंद. त्याचं काही नाही, अजून शिकवलंच कुठं होतं! मग बाईंनी नेहमीसारखं, नेटकं, एकही तास न चुकवता शिकवलं. सत्र संपताना पुन्हा तीच चाचणी घेतली आणि दुसऱ्या दिवशी तपासलेला गठ्ठा घेऊन माझ्या समोर येऊन बसल्या.

"काहीच हललं नाही गं," त्या म्हणाल्या. "जिथं होती तिथंच आहेत सगळी."

मी गठ्ठा चाळला. बहुतेकांच्या बुडबुड्यांत अजून हायड्रोजन आणि ऑक्सिजन. आणि हीच मुलं रासायनिक बंधाची व्याख्या स्वल्पविरामासकट लिहीत होती! माझं डोकंच फिरलं. "मग चाचणीच भिकार असणार," मी म्हटलं. बाईंनाही मनातून तेच हवं होतं. पण त्या तपासल्याशिवाय बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. तीच वस्तू काट्यावर पुन्हा ठेवली तर वजन तेवढंच भरायला हवं, असं म्हणून त्यांनी काही दिवसांनी प्रश्नांचा क्रम बदलून पुन्हा चाचणी घेतली. गुण जवळपास तेच आले. काटा चांगला होता.

मग त्यांनी बडबड्याच्या तुकडीचे गुण मागवले. बडबड्या म्हणजे आमचा हंगामी शिक्षक, नुकताच लागलेला. त्याच्या वर्गात नुसता बाजार भरलेला असायचा. मुलांना एकमेकांशी भांडायला लावायचा: तुला असं वाटतं ना, मग याला पटवून दे! अभ्यासक्रम कधी वेळेवर संपायचा नाही. बाई शेजारच्या वर्गातून येऊन त्याचं दार वाजवायच्या. त्याची मुलं सुरुवातीला बाईंच्या मुलांइतकीच कच्ची होती. सत्राअखेरीस ती कितीतरी पुढं गेली होती.

बाईंनी त्याला बोलावून तोंडावर विचारलं, "प्रश्न फोडलेस का रे?"

त्याचे कान लाल झाले. "मॅडम, मी तो पेपर अजून बघितलासुद्धा नाही."

बाईंनी त्याच धर्तीचे नवे प्रश्न काढले आणि त्याच्या वर्गात स्वतः उभं राहून सोडवून घेतले. तरी मुलं पुढंच.

त्या संध्याकाळी गठ्ठे पोचवायला मी त्यांच्या घरी गेले. त्यांची मुलगी आलेली होती. रंगाच्या कारखान्यात तपासनीस आहे. पदवीला बाईंच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची, रसायनात पहिली आली होती. चहाचं आधण गॅसवर उकळत होतं. बाईंनी आमच्याकडे पाठ करूनच विचारलं, "काय गं, या बुडबुड्यांत काय असतं?"

"हायड्रोजन आणि ऑक्सिजन," ती फोनमधून मान वर न करता म्हणाली. "पाणी त्याचंच तर बनलेलं असतं. तूच नाही का शिकवलंस, आई?"

"अगं, मग गॅसवर भडका नसता उडाला?" मी म्हटलं.

"अय्या, खरंच की!" ती खो खो हसली आणि कप घेऊन बाहेर गेली. आईचं तोंड तिनं बघितलंच नाही. मी बघितलं.

"हिला तर मी वर्गातही शिकवलं आणि घरीही," बाई म्हणाल्या. मग गॅस बंद करून तिथंच स्टुलावर बसल्या. "माझं जे व्हायचं ते झालं. आता निदान ही चाचणी तरी लागू झाली पाहिजे. माझ्या जागी जी येईल तिला पहिल्याच वर्षी कळायला हवं. जाताना नको."

विभागाच्या बैठकीत निवड दोनातून करायची होती. एक ही दुमजली, दुसरी बाईंचीच जुनी वार्षिक प्रश्नपत्रिका. बाईंनी दुमजली सुचवली. प्रमुखांनी गुणांचा तक्ता बघितला आणि हसून चष्मा काढला.

"मॅडम, ज्या चाचणीत तुमची तुकडी तळाला जाते, ती भरवशाची कशी असेल?"

सगळ्यांच्या माना डोलल्या. बाई उभ्या राहिल्या.

"चाचणी बरोबर आहे, सर. मी चुकले."

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "बघा, किती मोठं मन!" आणि चक्क टाळ्या पडल्या. मला एकेकाला धरून हलवावंसं वाटत होतं.

"अहो, ऐका तरी," बाई म्हणाल्या. "माझ्या प्रश्नपत्रिकेचा निकाल दर वर्षी तोच लागतो म्हणून ती तुम्हाला भरवशाची वाटते. पण अडकलेला काटाही रोज तेवढंच वजन दाखवतो. मी जे लिहून दिलं तेच विचारलं आणि तेच परत घेतलं. आणखी कुणाची तीस वर्षं अशी जाऊ देऊ नका, एवढंच मागते."

"तुम्ही दमलात, मॅडम," प्रमुख मायेनं म्हणाले. तीच माया मला सगळ्यात जास्त झोंबली. अपमान केला असता तर बाई भांडल्या असत्या. मायेपुढं त्यांना काही करता आलं नाही. दुमजलीच्या बाजूनं हात वर झाले ते तिघांचेच: बाईंचा, बडबड्याचा आणि माझा. जुनी प्रश्नपत्रिका कायम झाली. वर तिला बाईंचं नाव द्यायचं ठरलं, सन्मान म्हणून!

त्या प्रश्नपत्रिकेत बडबड्याची तुकडी शेवटची आली आणि त्याची नेमणूक पुढं वाढली नाही. कपाट आवरून जाताना तो बाईंच्या पाया पडला. बाई त्याला म्हणाल्या, "तुझं दार उगाच वाजवलं रे मी."

निरोपाच्या दिवशी प्रमुख भाषणाला उभे राहिले. "मॅडम जातील, पण त्यांची परीक्षा आमच्यापाशी राहील," ते म्हणाले. बाई हातातल्या फुलांकडे बघत बसल्या होत्या. मी उठून बाहेर गेले.

आता निकालाच्या दिवशी त्यांचा फोन येतो. परवाही आला.

"कसा लागला गं?"

काय सांगणार, कप्पाळ? "उत्तम लागला, बाई. दर वर्षीसारखाच."

"सगळी पास?"

"सगळी."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. बाई रडत होत्या.