शिशाच्या खाणीत पुरी-भाजी

फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी आयर्लंडमधल्या नावनला आलेले बाबा लॉकडाऊनमुळे ऑगस्टपर्यंत आमच्याकडेच अडकले. पुढच्या आठवड्यात अखेर त्यांचं नागपूरचं विमान होतं. त्यांनी जाऊ नये म्हणून मी शेवटचा डाव टाकला: ग्लेंडलॉकची शिशाची जुनी खाण. बाबा नागपूरजवळच्या मँगनीजच्या खाणीत तीस वर्षं मुकादम होते. म्हटलं, खाण बघून माणूस विरघळेल.

गाडीने पावणेदोन तास. पार्किंग चार युरो, सुटी नाणी ठेवा. वरच्या तळ्याच्या काठाने सपाट रस्ता आहे, आई-वडिलांनाही जमेल. अर्ध्या-पाऊण तासात खाणकामगारांची वस्ती येते. वस्ती म्हणजे छप्पर नसलेल्या भिंती, दगड फोडायचं गंजलेलं यंत्र आणि गवतानेही नाक मुरडलेला राखाडी ढिगारा. रानबकऱ्या फुकट, पाऊसही.

बाबांनी एक चमकता दगड उचलून हातात तोलला. पाच महिने सोफ्यावर मुकाट बसलेला हा माणूस तिथे भेटलेल्या एका आयरिश आजोबांना सुरुंग कसा भरतात ते खुणांनी शिकवू लागला. आजोबांचे वडील याच खाणीत राबले होते. दोघांना एकमेकांचं बोलणं कळत नव्हतं, पण अडचण फक्त मला होत होती.

मी ढिगाऱ्यावरच पुरी-भाजीचा डबा उघडला. मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटीला. मार्चपासून बाबांनी दाराची कडी धरली तरी मी सॅनिटायझर घेऊन धावत होते. आताही रुबाबात बाबांच्या आणि माझ्या हातांवर ते ओतलं आणि पुरी तोडली.

"ठेव ते," बाबा म्हणाले. हा आवाज मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. "त्यानं जंतू मरते. शिसं मरते का? साबणानं हात धुतल्याबिगर खाणीतला माणूस घास नाही घेत."

मी भाषांतर केलं. आजोबांनी हातातलं सँडविच परत पिशवीत घातलं. "युअर मॅन इज राइट," म्हणाले, म्हणजे हे गृहस्थ बरोबर बोलतायत.

उपाशीपोटी पार्किंगच्या नळाकडे चालताना मी विषय काढलाच. "बाबा, राहा ना इथेच. तिकडे एकटे काय करणार?"

"तिकडं लोकं मले चार गोष्टी विचारते," ते म्हणाले. "इथं मी नुसते हात धुतो."

मला आधी राग आला, मग रडू. घरी येऊन त्यांची बॅग मीच भरली.

त्यांना जाऊन तीन आठवडे झाले. फोन लावला की मास्क, गोळ्या, सगळं जिभेवर येतं. त्याआधी बाबांनाच माहीत असेल असं काहीतरी विचारायचं, एवढा नियम केलाय. काल विचारलं, खाणीत पाणी भरलं तर काय करता? पाऊण तास बोलले. भाजी करपली, मी फोन ठेवला नाही.