सार्जंट आर्लोचा सफरचंदाचा केक

आर्लो निएमी दारात सफरचंदाचा केक घेऊन उभा राहिला, की आमच्या गावातली म्हातारी माणसं धास्तावायची. केक उत्तम असायचा. त्याची बायको आर्डेल करायची, वरून दालचिनी, आणि लोण्याला हात आखडता नाही. पण केक खाऊन झाला की सार्जंट गाडीची चावी मागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी मॅव्हिस. पोलीस ठाण्यात सव्वीस वर्षं फोन आणि वायरलेस सांभाळला, त्यामुळे आर्लोबद्दल मी सांगते ते ऐकीव नाही. त्याच्या अंत्यविधीला पाद्रीबुवांनी भाषण केलं, त्यात शौर्य वगैरे शब्द आले. शौर्य कसलं? उत्तर मिनेसोटातलं हे एवढंसं गाव. एकतीस वर्षांत त्याने पिस्तूल काढलं ते फक्त पुसायला. त्याचं खरं काम वेगळंच होतं. ते बुवांनी एका वाक्यात उरकलं, म्हणून मला लिहायला बसावं लागलं.

इथे गाडी नसली की माणूस घरात अडकलाच. घरं तळ्याकाठाने विखुरलेली, दवाखाना बावीस मैलांवर. म्हणून दिसेनासं झालं तरी लोक गाडी सोडत नाहीत. आर्लोने कुणाची चावी रस्त्यात अडवून काढून घेतली नाही. चारचौघांत पाणउतारा कशाला, म्हणायचा. गणवेश उतरवून घरी जायचा, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचा, आणि केक संपेपर्यंत थंडी आणि मासेमारी, एवढ्याच गप्पा.

पहिली चावी सेल्मा लिंडग्रेनबाईंची. तिसरीत त्यांनी त्याला शिकवलं होतं. बाईंनी केक संपवला, तोंड पुसलं आणि चावी टेबलावर आपटली.

"घे. पण दर मंगळवारी मी केस सेट करायला जाते. आता मला तिथे कोण नेणार, तुझा बाप?"

बाप वारून दहा वर्षं झाली होती. आर्लो म्हणाला, "मी नेतो, बाई."

"आणि शुक्रवारी?"

शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांचं जेवण असतं. ते चुकवलं तर लोक समजतात की माणूस गेला. आर्लोने शुक्रवारही कबूल केला.

बाईंनी ही गोष्ट गावभर केली. मग जो चावी देई, तो आधी वार मागून घेई. आर्लो निवृत्त झाला तेव्हा अकरा जण त्याच्या गळ्यात होते. गळ्यात हा माझा शब्द. तो खूश होता. त्याच्या मरून रंगाच्या लांबलचक गाडीत सतत कुणीतरी चष्मा विसरलेलं असायचं. पुढे मीही निवृत्त झाले आणि त्याच्या शेजारी बसू लागले. आजारी माणसांना घरपोच द्यायच्या सुपाचं पातेलं माझ्या मांडीवर असायचं. घरी भिंतींशी भांडत बसण्यापेक्षा ते बरं होतं.

आता आमच्या चौकाबद्दल सांगते. चारही बाजूंना थांबायची पाटी आहे आणि जो आधी आला त्याने आधी जायचं, असा कायदा आहे. पण आमच्याकडे आधी जाणं उद्धटपणाचं वाटतं. चौघंही थांबतात आणि हात करतात, तुम्ही जा, नाही, तुम्हीच जा. हॉर्न तर बाहेरगावचा माणूसच वाजवतो. एकदा दोन गाड्या एकदम निघून धडकल्या, तेव्हा दोघंही चूक आपलीच म्हणून हटून बसले होते. आर्लोला पंचनाम्यात काय लिहावं ते कळेना.

तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, भर दुपारी, आर्लो त्या चौकात थांबला. कोपऱ्यावर कुणीतरी उभं होतं. त्याने हात केला, या, ओलांडा. समोरचा हलला नाही. आर्लोने पुन्हा हात केला. मागे दोन गाड्या येऊन थांबल्या.

"भलताच सभ्य दिसतोय हा," आर्लो म्हणाला.

मी बघितलं. शाळेतल्या पोरांनी केलेला बर्फाचा माणूस होता, डोक्याला लाल टोपी घातलेला.

तिथे खरं पोर असतं आणि धावत आलं असतं तर? मी एवढंच म्हटलं, "त्याला घाई नाही सार्जंट, तुम्ही निघा." तो निघाला.

आठवडाभर मला घास गोड लागला नाही. आर्डेल जाऊन सहा वर्षं झालेली, मुलं नाहीत. त्या अकरा जणांचे वार, हेच त्याचं घरदार. ते काढून घेतलं तर हा माणूस उभा कशावर राहणार? आणि नाही घेतलं तर? सांगणार दुसरं कोण होतं? शेवटी रविवारी मी सफरचंदं चिरायला घेतली.

दार उघडलं तेव्हा त्याला माझा चेहरा दिसला की नाही, देव जाणे. पण दालचिनीचा वास लागला. तो बाजूला सरला, मला आत घेतलं, टेबल पुसलं. आम्ही थंडीबद्दल बोललो. मग मासेमारीबद्दल बोललो. केक कडेला करपला होता, तरी त्याने दोन तुकडे खाल्ले.

"तो बर्फाचा होता ना?"

"हो."

"घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं. एवढा हात केला, आणि त्याने उलट एकदाही केला नाही. आपल्या गावातला माणूस असा नसतो." त्याने खिशातून चावी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "सेल्माबाईंना गाडीत पुढे बसवायचं. मागे त्यांना मळमळतं."

"माहीत आहे मला."

त्याने ताटलीतला चुरा बोटाने गोळा केला. मग हळूच म्हणाला, "आणि माझा वार कोणता?"

मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. "तुम्हाला वार कसला? रोज यायचं. सुपाचं पातेलं कोण धरणार?"

तीन वर्षं त्याने पातेलं धरलं, आणि माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवली. वळणावर तर मुद्दाम कण्हायचा. चौकातल्या बर्फाच्या माणसाला मात्र दर हिवाळ्यात न चुकता हात करायचा. ती तीन वर्षं माझ्या आयुष्यातली फार चांगली वर्षं होती.

या जानेवारीत तो झोपेतच गेला. दफनभूमीकडे जाताना शवपेटीच्या गाडीमागे पहिली आर्लोची मरून रंगाची गाडी होती, आणि ती मी चालवत होते. पुढे सेल्माबाई बसल्या होत्या, मांडीवर रिकामं पातेलं घेऊन.

चौक आला. कोपऱ्यावर पोरांनी केलेला बर्फाचा माणूस उभा होता. शवपेटीची गाडी पुढे निघून गेली. मी थांबले आणि त्याला हात केला, तुम्ही जा. सेल्माबाईंनीही केला. आम्ही बराच वेळ तशाच थांबलो. मागे चाळीस गाड्या होत्या, एकानेही हॉर्न वाजवला नाही.