तळातली काळी ताटली

माझ्या मामाच्या नाकावर कायम राग असतो आणि तो बहुतेक वेळा पाण्यावर असतो. पोहण्याच्या तलावाच्या गाळणीखोलीत त्याची हयात गेली. त्याला स्वतःला पोहता येत नाही, हे तो कुणाला सांगत नाही; मी सांगते. मी त्याच तलावाच्या तिकीटखिडकीवर बसते, त्यामुळे त्याच्या हट्टापायी लोकांची बोलणी मलाच खावी लागतात.

रोज सकाळी दारं उघडण्याआधी मामा खोल पाण्याच्या काठावर उभा राहून तळाकडे बघतो. तिथे स्टीलची एक ताटली बुडवून ठेवली आहे, काळा रंग दिलेली. ती मामीच्या स्वयंपाकघरातून गेली, आणि पाहुणे आले की मामी अजून तिचा विषय काढते. ताटलीची कड स्वच्छ दिसली तर तलाव उघडतो, नाहीतर नाही. "तळ दिसत नसेल तर तळाशी गेलेला माणूस कसा दिसणार?" असं मामाचं म्हणणं. त्यावर तलावाचे साहेबसुद्धा हूं की चूं करत नाहीत. तलाव उघडायचा की नाही हा शब्द त्याचा, आणि आयुष्यात मिरवण्यासारखी त्याच्यापाशी तेवढी एकच गोष्ट होती.

गाळणीच्या टाकीत पूर्वी वाळू असायची. आता कृत्रिम धाग्यांचे पांढरे, केसाळ गोळे असतात, लिंबाएवढे. पाणी त्यांच्यातून दाबाने जातं आणि गाळ धाग्यांत अडकतो. मी कामाला लागले तेव्हा मामाने एक गोळा माझ्या हातावर ठेवला होता.

"नवाकोरा गोळा कामचुकार असतो," तो म्हणाला. "अंगाला थोडा मळ बसू दे, मग तो बारीकातलं बारीकही धरतो. म्हणून यांना फार धुवायचं नाही."

हे सांगणाराच यंदा गोळे धूत सुटला. एका सकाळी त्याला ताटलीची कड पुसट दिसली. त्याने तलाव बंद ठेवला आणि टाकीत उलटं पाणी सोडून गाळ काढला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग त्याने गोळे बाहेर काढले आणि टबात घेऊन हाताने चोळले. रांगेतली माणसं माझ्या खिडकीशी येऊन तोंडाला येईल ते बोलून गेली.

पोहायला शिकवणारे मास्तर काठावर वाकून म्हणाले, "मामा, अहो ताटली लख्ख दिसतेय." त्यांचं वय माझ्याएवढंच; नात्यातले नव्हेत, पण मामाला सगळा तलाव मामाच म्हणतो.

"तुमच्या वयाला सगळंच लख्ख दिसतं," मामा म्हणाला आणि पुन्हा गोळे चोळायला गेला.

पुढे एका सकाळी मास्तरांनाही पाणी धूसर वाटलं. त्यांनी तसं सांगितल्याबरोबर मामाची कळी खुलली. "आता तरी पटलं?" एवढंच म्हणाला, पण दिवसभर गुणगुणत होता.

संध्याकाळी तो तलावाचं पाणी ग्लासात घेऊन घरी आला, मामीला दाखवायला. मी तिथेच भाजी निवडत बसले होते. मामीने प्यायच्या पाण्याचा ग्लास त्या ग्लासाशेजारी ठेवला.

"हेही गढूळच आहे," मामा म्हणाला.

"आत्ता उकळून गार केलंय ते."

"मग नीट उकळलं नाहीस."

एरवी मामीने त्याला सोडलं नसतं. पण ती हळू आवाजात म्हणाली, "अहो, काल तुम्हाला चादर मळकी दिसली, परवा भिंत. सगळंच कसं हो मळेल एकदम?"

मामाने एका डोळ्यावर हात धरला, मग दुसऱ्या. दोन्ही ग्लास बघितले, खिडकी बघितली, मामीकडे बघितलं. मग खाली बसला.

"आधी माझा डोळा गढूळ झाला," तो म्हणाला. "आणि पाणी मी केलं. धुऊन धुऊन गोळ्यांना मीच निकामी केलं."

मी इतकी वर्षं त्याची थट्टा करत आले, पण त्या वेळी मला फार वाईट वाटलं. तिन्हीसांजेला घरात कुणी दिवाही लावला नाही.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला आणि शस्त्रक्रियेला पुढची तारीख दिली. मामी म्हणाली, तोवर घरी बसा. मामा कामावर गेला आणि मास्तरांना गाठून जे झालं ते सगळं सांगितलं, आवाज न चढवता. नंतर त्याने गोळ्यांना हात लावला नाही. त्यांच्यावर पुन्हा मळ बसावा म्हणून नुसतं पाणी फिरवत ठेवलं. टबाशी जायचा, रिकाम्या टबात हात घालून परत यायचा. तलाव बंदच होता.

मग एका सकाळी त्याने मास्तरांना काठावर बोलावलं. मास्तर पालथे पडून खाली बघू लागले.

"दिसतेय," ते म्हणाले.

"कड?"

"कडही. डाव्या बाजूला रंग उडालाय, तिथे स्टील चमकतंय."

रंग खरंच तिथेच उडाला होता. मामा वाकला. बराच वेळ बघत राहिला. उठताना त्याचा हात कठड्याचा दांडा चाचपडत होता.

"मला नाही दिसत," तो म्हणाला. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. मग माझ्याकडे वळला.

"खिडकी उघड."