साडूंची वस्ती, भाग दोन

निराश व्हायला आमच्या साडूंइतका उत्सुक माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नाही, पुढं होणारही नाही. सासुरवाडीचं जेवण असो, नवी स्कूटर असो की निवडणुकीचा निकाल, आधी महिनाभर बोलून बोलून ते ती गोष्ट आभाळाएवढी करणार आणि प्रत्यक्षात समोर आली की कपाळाला हात लावून म्हणणार, "हेच का ते?" लग्नात मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही ते असंच म्हणाले, असं बायको सांगते. मी ते अजून विसरलेलो नाही.

साडू श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात हिशेब खात्यात होते. तिथं संगणक आला आणि यांच्या अंगात आला. केडगावच्या घरी त्यांनी स्वतःचा एक आणून बसवला. तो काळ असा, की अख्ख्या कॉलनीत कुणाच्या घरी संगणक नव्हता, त्यामुळे त्या खोलीत चपला काढून जावं लागे. दसऱ्याला त्याला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणायची, "माझ्या शिलाई मशीनला कधी फूल वाहिलं नाही मेल्यांनी!"

या देवघरात साडू एकच खेळ खेळत. पडद्यावर वस्ती वसवायची, घरं बांधायची, त्यात माणसं ठेवायची, त्यांना जेवू घालायचं, कामाला धाडायचं. बंदूक नाही, शर्यत नाही. मी विचारलं, "यात जिंकायचं कसं?" माझी कीव करत ते म्हणाले, "तुम्ही केडगावात राहता ते जिंकायला राहता का?" माणसं सगळी एकाच साच्यातली, वाटोळ्या तोंडाची, डोक्यावर नाव तरंगायचं म्हणून ओळखायची. वस्तीत आम्ही सगळे नातेवाईक होतो. मला त्यांनी पार टोकाला, जिथं नळ पोचत नाही अशा घरात ठेवलं होतं. एके दिवशी ऑफिसात फोन आला, "साडू, आज तुमची नोकरी गेली. मनाला लावून घेऊ नका, मी बघतो काहीतरी." साहेब समोर बसलेले. माझा चेहरा असा पडला की त्यांनी मला पाणी दिलं.

साडूंच्या त्या वस्तीत त्यांच्या समोरचं घर मात्र कर्जतच्या दादांचं होतं. दादा म्हणजे साडूंचे सख्खे थोरले भाऊ. गावी शेती करतात. पुतणीच्या, म्हणजे दादांच्याच मुलीच्या, लग्नात मानाचा फेटा साडूंच्या आधी नवऱ्याकडच्या कुठल्याशा मावसमामाला बांधला गेला. साडू भरल्या पंगतीतून उठले, ताईला उठवलं आणि एसटीत बसले. फेट्यावरून! तेव्हापासून भावाभावांत बोलणं बंद. आता रोज सकाळी पडद्यावरचे दादा दारात येऊन हात हलवायचे, पडद्यावरचे साडूही हलवायचे, आणि खुर्चीतले साडू म्हणायचे, "चला, झाली भेट." शिकलासवरला माणूस! हसावं की दोन थोबाडीत द्याव्यात, कळत नसे.

अशात कुठल्याशा मासिकात बातमी आली की या खेळाचा भाग दोन येतोय. झालं! बारशाला, मुंजीला, अगदी तेराव्यालासुद्धा साडू भाग दोनबद्दल बोलू लागले. "यात माणसं रुसणार, आणि त्यांची समजूतही निघणार. आपोआप! समजलं का?" समजूत म्हणताना त्यांचा आवाज जरा चिरकायचा. मासिकात तसं काहीच नव्हतं, मी वाचलं होतं. पण बोलणार कोण?

पुण्याहून सीडी आली. साडूंनी वास्तुशांतीसारखं बोलावणं धाडलं, नारळ फोडला, पोहे केले. संगणकात जागा पुरेना, म्हणून आमच्यासकट जुनी वस्ती त्यांनी बिनदिक्कत पुसून टाकली. "नव्या घरात कुणी जुनी भांडी नेतं का?" आम्ही पोहे खात आमचा शेवट पाहिला.

मग नवी वस्ती उघडली. रंग झकास, झाडं हलतात, माणसांना खरेखुरे चेहरे! साडूंनी दोन शेजारी बसवले, ते जोरदार भांडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता समजूत. चहा झाला, दुसरा झाला. शेजारी पाठ फिरवून उभेच. साडूंनी सगळी बटणं दाबून पाहिली. शेवटी कपाळाला हात गेला. "रुसायची सोय केली लेकांनी, मिटवायची नाही! याला काय भाग दोन म्हणायचं?" मी म्हणालो, "अहो, हे तर हुबेहूब तुमचंच घराणं आहे." ताई फस्सकन हसली. साडू नाही हसले.

पुढचा महिनाभर त्या खेळाचा उद्धार चालला होता. मग एका रविवारी सकाळीच ते माझ्याकडे आले. "दादाला बसवतोय नव्या वस्तीत. चेहरा निवडायला सांगतात. नाक जमलं. मिशी अडलीय." मी म्हणालो, "कुठलीही लावा." त्यावर ते एकदम ओरडले, "कुठलीही कशी लावू? भाऊ आहे माझा!" आणि मग खाली बघत म्हणाले, "काळी होती का पिकली होती, तेच आठवेना हो."

मी शर्ट घातला. आम्ही कर्जतची एसटी धरली.

दादा दारातच बाज विणत बसले होते. आम्हाला पाहून उठले. "आरं तू व्हय! उन्हात का हुबा? आत ये की." एवढंच. फेट्याचा विषय ना यांनी काढला, ना त्यांनी. भाकरी खाताना साडू ताटाकडे बघतच नव्हते. "काय बघतूस रं आसा?" दादांनी विचारलं. "काय न्हाई दादा," साडू म्हणाले, "लई वाळलास." एरवी केडगावात पुणेरी बोलणारा हा माणूस!

परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर पाहत होते. तसंच बघत म्हणाले, "सगळी पांढरी झालीय हो मिशी."

सवयीनं मी चिमटा काढलाच, "मग आहे का पांढरा रंग तुमच्या भाग दोनमध्ये?"

"आहे," साडू म्हणाले. "पण तो लावायला माझा हात नाही धजायचा."