डायनोसॉरचे डोळे

मला हस्तकलेची मुळीच हौस नाही. कात्री-गोंद समोर आला की माझं डोकं फिरतं. पण मुलाला स्नायूंचा आजार आहे, तो वाढतच जाणार, असं धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि जमेल तितके दिवस बोटं चालती ठेवा म्हणाले. मुलगा सात वर्षांचा, डायनोसॉरवेडा. मग दर उन्हाळ्यात घरी डायनोसॉर करणं आलंच.

रीत सासूबाईंची, पारोळ्याकडची. रद्दी भिजवून कुटायची, त्यात वाटलेली मेथी घालायची आणि तो लगदा पालथ्या घागरीवर थापायचा. त्या अशा टोपल्या करायच्या. आम्ही घागरीवर डायनोसॉरचं पोट थापतो आणि पालथ्या तांब्यावर डोकं. जळगावच्या उन्हात दोन दिवसांत खडखडीत वाळतं. डोळे मात्र ओल्यातच करायचे, बोट खुपसून. ते काम मुलाचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा त्याचा हुकूमच होता.

गेल्या उन्हाळ्यात त्याने पाच डायनोसॉरांना डोळे केले. यंदा पहिल्याच दिवशी त्याचं बोट लगद्यावर टेकलं आणि तिथेच राहिलं. त्याने दुसरं बोट लावलं, मग अंगठा. लगदाच घट्ट झालाय, असं म्हणून मी पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी आणखी घातलं. तिसऱ्या दिवशी बोट एकदाचं आत गेलं, तो हसला आणि अख्खं डोकं तांब्यावरून घसरून फरशीवर पसरलं.

"बठ्ठा लगदा वाया गया," सासूबाई अहिराणीत म्हणाल्या, सगळाच वाया. एवढं पाणी कशाला घातलं, असं त्यांनी विचारलं आणि मी त्यांच्यावर खेकसले. देवाला, डॉक्टरांना, नवऱ्याला बोलून झालं होतं, त्याच तेवढ्या उरल्या होत्या. खरं म्हणजे मी पार खचले होते, आणि ते कबूल करायला घरात जागा नव्हती.

चौथ्या दिवशी मी पुन्हा बसले. साडेचार वर्षांची धाकटी पाठीशी उभी होती. मी पाण्याचा मग उचलला तशी मुलाने माझ्या मनगटावर हात ठेवला. हाताचं वजन कळलं, पकड नव्हती.

"आई, पाणी नको घालू," तो म्हणाला. "डोळे तिला करू दे."

धाकटीने दोन्ही डोळे एका दमात केले, चांगले खोल. तिला शाबास म्हणायला हवं होतं. माझ्याच्याने ते झालं नाही.